सशाच्या पिंजऱ्यात खाली काय घालायचं? पायांची काळजी आणि फ्लोअरिंग, सतत विचारले जाणारे प्रश्न

ससा घरी आणला की लोक खायला काय द्यायचं ते दहा जणांना विचारतात पण तो दिवसरात्र ज्याच्यावर बसणार आहे ते काय असावं हे कोणी विचारत नाही, आणि मग कधीतरी तो लंगडायला लागतो तेव्हा पाय उचलून बघितला तर टाचेला जखम. हे बहुतेक वेळा टाळता येतं, म्हणून सगळे प्रश्न एकत्र लिहितोय. खालचं फ्लोअरिंग दाबलं जाणारं हवं, कोरडं हवं आणि पायाला पकड देणारं हवं, बाकी सगळी चर्चा या तीन गोष्टींभोवतीच आहे.

दुकानदार म्हणाला जाळीचाच पिंजरा घ्या, लेंड्या खाली पडतात, स्वच्छ राहतो. मग प्रॉब्लेम काय?

स्वच्छता आपल्या सोयीची आहे, सशाच्या नाही. क्रॉफर्ड मार्केटपासून गल्लीतल्या पेट शॉपपर्यंत सगळीकडे तारेच्या तळाचेच पिंजरे दिसतात कारण ते स्वस्त असतात, रचून ठेवता येतात आणि झाडावे लागत नाहीत. पण ससा त्या जाळीवर बसतो तेव्हा त्याचं सगळं वजन टाचेखालच्या दोन-तीन तारांवर येतं. तिथे रक्तपुरवठा दबतो, केस झिजतात, कातडी लाल होते आणि एकदा ती फुटली की लघवी आणि घाण थेट जखमेत जाते. याला सोअर हॉक्स म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर पोडोडर्मॅटायटिस असं लिहिलेलं असेल.

जाळीचा पिंजरा आधीच घेतला असेल तर फेकून द्यायची गरज नाही. तळावर पूर्ण मापाचा प्लायवुडचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा बसवा आणि त्याच्यावर मऊ थर घाला. पुठ्ठा लघवीने भिजतो म्हणून तो दोन-तीन दिवसांनी बदलावाच लागेल. प्लायला कडेने उघडी धार ठेवू नका, ससा ती कुरतडणार म्हणजे कुरतडणारच.

कुत्र्या-मांजरांना असं होत नाही, मग सशालाच का?

कारण सशाच्या पायाला गादीच नसते. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पंजाखाली जी जाड काळी-गुलाबी गादी असते ती सशाला अजिबात नाही. त्याच्याकडे फक्त दाट केस आणि त्याखाली पातळ कातडी, लगेच हाड.

आता जरा बारकाईने बघा. हा प्राणी मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, माती आणि गवतावर राहणारा. मऊ जमिनीवर तो बसला की नखं मातीत रुततात आणि वजन बोटं आणि टाच यांच्यात वाटलं जातं. तोच ससा टाइलवर किंवा लाकडी फळीवर बसला तर नखं आत जायला जागाच नाही, मग बोटं वर उचलली जातात आणि सगळा भार मागे टाचेवर सरकतो. म्हणजे नुसती जाळी काढून तिथे गुळगुळीत फळी टाकली की काम झालं असं नाही, आणि बरेच जण इथेच थांबतात. खालचा थर नखं रुततील इतका नरम हवा.

सगळ्याच सशांना होतं का? कोणाला जास्त धोका?

कोणालाही होऊ शकतं पण सगळ्यांना सारखं नाही. रेक्स जातीचा ससा असेल तर पहिल्या दिवसापासून काळजी घ्या. १९१९ साली फ्रान्समध्ये सापडलेल्या या जातीचे केस मखमलीसारखे आखूड असतात, दिसायला फार सुंदर, पण तळपायाचे केससुद्धा आखूड आणि विरळ, म्हणजे संरक्षण कमी. दुसरे मोठे आणि जड ससे. आपल्याकडे मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा न्यूझीलंड व्हाइट सहज चार-पाच किलोचा होतो, त्याच्या टाचेवर किती दाब येत असेल विचार करा. तिसरे जाड झालेले ससे, मग जात कुठलीही असो. चौथे म्हातारे आणि संधिवाताचे, कारण ते जास्त वेळ एकाच जागी बसून राहतात. आणि पाचवे, ज्यांची संख्या सगळ्यात जास्त आहे, दिवसभर पिंजऱ्यात बंद असलेले. पळणाऱ्या सशाच्या पायावरचा दाब सारखा बदलत राहतो, बसलेल्याचा बदलत नाही.

पाय चेक कसे करायचे? काय दिसलं तर टेन्शन घ्यायचं?

आठवड्यातून एकदा बघा, पण सशाला पाठीवर उताणा झोपवून नाही. तो शांत पडून राहतो म्हणून लोकांना वाटतं त्याला मजा येतेय, खरं तर तो घाबरून गोठलेला असतो. त्यापेक्षा जमिनीवर बसा, सशाची पाठ तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने छाती आणि दुसऱ्याने मागचा भाग नीट धरा आणि घरातल्या दुसऱ्या कोणालातरी मागचे पाय बघायला सांगा. उडी मारून सुटायच्या नादात सशाचा मणका मोडू शकतो, म्हणून मागचे पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत आणि उभं राहून तर हे करायचंच नाही.

टाचेचे केस बोटाने बाजूला सारून बघा. तिथे छोटीशी टक्कल पडलेली जागा बऱ्याच सशांना असते, कातडी फिकट गुलाबी, कोरडी, सूज नाही आणि आजूबाजूचे केस तिला झाकतायत, तर घाबरू नका, फक्त फ्लोअरिंग सुधारा आणि लक्ष ठेवा, दर आठवड्याला मोबाईलवर फोटो काढून ठेवलात तर फरक लगेच कळतो. तो भाग लालभडक दिसला, चमकायला लागला, हाताला गरम लागला, किंवा खपली, रक्त, पू, सूज यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर, त्याच आठवड्यात, वाट बघत बसायचं नाही. जखम खोल गेली तर इन्फेक्शन हाडापर्यंत पोहोचतं आणि मग ते काढणं फार अवघड होतं.

ससा दुखणं लपवतो. त्यामुळे पाय न बघताही काही गोष्टींवर नजर ठेवा: सारखा एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देतोय, उड्या कमी झाल्या, एका कोपऱ्यात दबून बसतो, दात करकर वाजवतो, खाणं कमी झालं. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या बंद झाल्या असतील तर ती इमर्जन्सीच समजा, मग पाय राहिले बाजूला, आधी डॉक्टर.

बरं, मग खाली घालायचं तरी काय?

माझं मत विचाराल तर सगळ्यात चांगलं म्हणजे सुकं गवत, जाड थरात. तीन-चार इंच. खाली जुन्या वर्तमानपत्रांचा जाड थर, त्याच्यावर गवत. नखं रुततात, लघवी खाली झिरपते आणि वरचा भाग कोरडा राहतो, उकरायला मिळतं आणि खाल्लं तरी नुकसान नाही. टिमोथी गवत बाहेरून येतं आणि महाग पडतं, ते खायला ठेवा. अंथरायला भाताचा पेंढा उत्तम, कोकणात आणि मावळात सहज मिळतो, विदर्भात तणस म्हणून मागा. गव्हाचं काडही चालतं फक्त जाड टोचरी काडं काढून टाका. ज्वारीचा कडबा अंथरायला वापरू नका, धांडं कडक असतात आणि टाचेला टोचतात.

घेताना मूठभर हातात घेऊन चुरगळा आणि वास घ्या. धुरळा उडाला, कुबट वास आला, काळे-पांढरे डाग दिसले तर परत करा, कितीही स्वस्त असलं तरी.

थर पुरेसा आहे का ते बघायची सोपी रीत आहे, मूठ वळून अंथरुणावर जोर देऊन दाबायची. बोटांच्या पेरांना खालची कडक जमीन लागली तर थर कमी आहे. आणि कोरडं आहे का बघायला एक पांढरा पेपर नॅपकिन ठेवून तळहाताने जरा वेळ दाबून धरा, उचलल्यावर ओलसर किंवा पिवळा दिसला तर आजच बदला. वरून कोरडं दिसणारं अंथरूण खालून ओलं असणं हे फार कॉमन आहे.

गवताचा पसारा नको असेल तर दुसरा पर्याय म्हणजे खाली जाड सुती सतरंजी किंवा जुनी गोधडी आणि तिच्यावर फ्लीसचं, म्हणजे पातळ ब्लँकेटसारखं मऊ सिंथेटिक कापड. फ्लीस लघवी खाली सोडतं आणि स्वतः बऱ्यापैकी कोरडं राहतं, पण खालचं सुती कापड रोज किंवा दिवसाआड बदलावंच लागतं. दोन-तीन सेट ठेवले की धुणं-वाळवणं जमतं.

गोणपाट, काथ्याचं पायपुसणं, फोमची मॅट, नकली हिरवळ?

गोणपाट: खरबरीत, धागे सुटतात, ते लांबच लांब धागे ससा गिळतो, आणि सशाला उलटी करता येत नाही, म्हणजे आत गेलेलं बाहेर यायचा तो रस्ता बंद. नको. काथ्याचं पायपुसणं म्हणजे टाचेसाठी सॅंडपेपरच, अजिबात नको. मुलांच्या खोलीतल्या त्या कोडं जोडतात तशा फोमच्या रंगीत मॅट्स, योगा मॅट, या दबतात छान, पण कुरतडणारा ससा असेल तर तुकडे पोटात जातात, म्हणून फक्त वरून कापडाने पूर्ण झाकून आणि कडा आत दुमडूनच. प्लास्टिकची हिरवळ दिसते भारी, पण पाती टोकदार आणि मुळाशी लघवी साचते, सोडून द्या. टॉवेल चालतो का असंही विचारतात, टर्किश टॉवेलच्या लूप्समध्ये नखं अडकतात, गुळगुळीत पंचा त्यापेक्षा बरा.

लाकडाचा भुसा किंवा मांजराचं लिटर (शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ते दाणेदार)?

वखारीतला बारीक भुसा नको. धूळ नाकात जाते, सशाचं नाक आधीच नाजूक, आणि लाकूड कुठलं आणि त्याच्यावर काय मारलंय काही माहिती नसतं. देवदार, पाइनसारख्या वासाच्या लाकडाचा कच्चा भुसा तर मुळीच नको. मांजराचं गोळे होणारं लिटर नको म्हणजे नकोच, पोटात जाऊन तिथे गोळा झाला तर जीवावर बेततं. कागदाचे पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या छोट्या कांड्या, मिळाले तर चांगले, फक्त ते टोकाला टणक असतात म्हणून त्यांच्यावर गवताचा थर हवा, नुसत्या पेलेट्सवर बसवू नका.

आमचा ससा पिंजऱ्यात नसतो, फ्लॅटमध्ये मोकळा फिरतो, टाइल्सवर. मग काळजी नाही ना?

मोकळा फिरतो हे फारच छान, अर्धं काम तिथेच झालं. पण व्हिट्रिफाइड टाइल सशाच्या केसाळ पायाला बर्फासारखी निसरडी लागते. तो वळताना घसरतो, मागचे पाय फाकतात आणि वाढत्या वयाच्या पिल्लाला तर यातून पाय कायमचे बाहेर फाकायचा त्रास होऊ शकतो. काही ससे घाबरून टाइलवर पाऊलच ठेवत नाहीत आणि एका सतरंजीवर बसून राहतात, लोक म्हणतात आमचा ससा आळशी आहे. तो आळशी नाही, त्याला पकड मिळत नाहीये. त्याच्या ठरलेल्या रस्त्यावर, म्हणजे पिंजरा ते किचनचं दार ते सोफ्याच्या मागे वगैरे, सतरंज्या किंवा पातळ गालिचे टाका, खालून सरकू नयेत म्हणून रबरी जाळी लावा. पूर्ण घर झाकायची गरज नाही. तो जिथे तासन्‌तास बसतो ती जागा मात्र मऊ हवीच.

गावाकडे शेणाने सारवलेली जमीन आहे, तिथे ठेवला तर?

कोरडी असेल तर टाइलपेक्षा नक्कीच बरी, पकड चांगली मिळते. पण वर गवत टाकाच कारण सारवण शेवटी कडकच असतं, आणि लघवीच्या जागी ते फुगून चिखल होतो. शिवाय ससा उकरून एका रात्रीत बाहेर पडू शकतो, आणि बाहेर मुंगूस, मांजर, कुत्री आहेतच. (शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू मात्र पाळू नका, तो वेगळा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.)

पावसाळ्यात काहीच वाळत नाही, तेव्हा काय करायचं?

वर्षातला सगळ्यात अवघड काळ हाच, विशेषतः मुंबई-कोकणात. ओलसर अंथरुणाने कातडी मऊ पडते आणि मऊ पडलेली कातडी लवकर फाटते, त्यात लघवीचा अमोनिया. जून लागायच्या आधीच पेंढा आणून घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये किंवा पोत्यात भरून जमिनीपासून वर, पाटावर ठेवा. या दिवसांत फ्लीस-गोधडीपेक्षा कागद आणि गवत सोयीचं, धुवायचं काही नाही, सरळ काढून टाकायचं. ओला कोपरा दिवसातून दोनदा काढा. स्वतःचं नाक सशाच्या उंचीला नेऊन वास घ्या, तुमच्या डोळ्यांना चुरचुरलं तर तो चोवीस तास त्यातच बसलाय.

आणि माश्या. ओल्या, घाण लागलेल्या केसांवर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात, ससा यात दगावतो. पावसाळ्यात शेपटीखालचा भाग आणि पाय रोज बघायचे, एक दिवसही चुकवायचं नाही. पण घाण दिसली म्हणून बादलीत बुडवून आंघोळ घालू नका, सशाला त्याचा प्रचंड धसका बसतो. तेवढाच भाग कोमट पाण्याने पुसून लगेच कोरडा करा.

उन्हाळ्यात गवत-गोधडी म्हणजे उकाडा नाही का होणार?

होणार, आणि तीस अंशांच्या वर सशाला त्रास सुरू होतो, नागपूर-अकोल्याच्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको. म्हणून अर्धा भाग मऊ आणि अर्धा भाग गार ठेवा. एका बाजूला शहाबादी किंवा कोटा फरशीचा तुकडा, तो पाण्याने पुसून कोरडा केलेला, आणि दुसऱ्या बाजूला गवत. ससा स्वतःच ठरवतो. गार फरशीवर तो बहुतेक आडवा पसरून पडतो, तेव्हा भार टाचेवर नसतो म्हणून काळजी नको. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, पण बाटलीला सुटलेलं पाणी अंथरुणात जाणार नाही एवढं बघा.

शी-शू एकाच जागी करायला शिकवता येतं का?

येतं, आणि पायांसाठी याच्याइतका फायद्याचा दुसरा उपाय नाही. ससा आपणहून एखादा कोपरा ठरवतो, तुम्ही फक्त त्या कोपऱ्यात ट्रे ठेवायचा, तळाला कागद किंवा कागदी पेलेट्स, वर गवत आणि खायचं गवत ट्रेच्या शेजारीच, कारण त्याला खाता खाताच करायची सवय असते. मोठा ट्रे घ्या, त्यात त्याला वळता आलं पाहिजे. ट्रेवर प्लास्टिकची जाळी बसवून मिळते ती काढून टाका, नाहीतर जाळीचा प्रॉब्लेम मागच्या दाराने परत आला. ट्रेला पांढरा चिवट थर बसतो तो सशाच्या लघवीतलं कॅल्शियम, साधं व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवलं की सुटतं. नसबंदी केलेले ससे हे लवकर शिकतात.

नखं आणि वजनाचा पायांशी काय संबंध?

थेट संबंध. नखं वाढली की बोटं वर ढकलली जातात आणि भार टाचेवर जातो, फ्लोअरिंग कितीही भारी असो. साधारण चार ते सहा आठवड्यांनी कापावी लागतात. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या अलीकडे कापा, काळ्या नखाला मागून मोबाईलचा टॉर्च धरा. भीती वाटत असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या. वजनाचं म्हणाल तर पोळी, ब्रेड, बिस्किट बंद, गाजर आणि फळं अगदी थोडी, मुख्य जेवण सुकं गवत. घरातले आजी-आजोबा प्रेमाने पोळीचा तुकडा देतात, त्यांना दुखवू नका, त्यांच्या हातात कोथिंबिरीची काडी द्या.

जखम झालीच आहे. घरी काय लावू?

डॉक्टरांना दाखवेपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याने किंवा सलाईनने हलक्या हाताने धुवा, मऊ कापडाने टिपून कोरडं करा, आणि ससा जाड, स्वच्छ, कोरड्या अंथरुणावर ठेवा. बस. हळद, खोबरेल तेल, व्हॅसलिन लावू नका, केस चिकटतात आणि तो सगळं चाटून पोटात घेतो. स्पिरिट, पेरॉक्साइड नको. घरातल्या कपाटातली खाजेची क्रीम नको, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि सशाला ते झेपत नाही. जखमेभोवतीचे केस कापू नका, तेच त्याचं उरलेलं संरक्षण आहे. घरी घट्ट पट्टी बांधू नका, ओली झाली की आत जखम सडते.

एक फार महत्त्वाचं. सशाला तोंडातून अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन देणं जीवघेणं ठरू शकतं, पोटातले चांगले जंतू मरतात आणि काही दिवसांत ससा जातो. कुत्र्या-मांजरांना हीच औषधं सर्रास देतात, म्हणून नवीन डॉक्टरांना आदराने पण स्पष्ट विचारा, "डॉक्टर, हे सशाला तोंडातून चालतं ना?" चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत. जवळ सशाचा अनुभव असलेलं कोणी नसेल तर परळचं किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय कॉलेज, साताऱ्याकडच्यांना शिरवळचं कॉलेज, तिथे चौकशी करा.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

नुसती लाली असेल तर फ्लोअरिंग बदलल्यावर काही आठवड्यांत फरक दिसतो. उघडी जखम असेल तर महिने धरून चाला, ड्रेसिंग, दुखण्याचं औषध, कधी एक्स-रे. मधेच बरं दिसलं म्हणून परत जुन्या पिंजऱ्यात टाकू नका. झडलेले केस नेहमीच परत येतात असं नाही, त्या सशाला पुढे आयुष्यभर मऊ थर लागणार.

आमचा छोटा फार्म आहे, तीस-चाळीस ससे, सगळ्यांना गवत अंथरणं शक्य नाही.

मान्य, पण काहीच करता येत नाही असंही नाही. तळाची जाळी अर्धा बाय एक इंचाची, जाड चौदा गेजची आणि ताणून बसवलेली हवी. पातळ तार लवचते आणि जास्त कापते. गंज, सुटलेली टोकं यावर महिन्यातून एकदा नुसता हात फिरवून बघा, तुमच्या हाताला लागलं तर त्याच्या पायाला लागतंय. आणि प्रत्येक पिंजऱ्यात ससा पूर्ण बसेल एवढी छिद्रांची प्लास्टिक मॅट ठेवा, लेंड्या खाली पडतात, धुता येते, आणि ससे आपणहून तिच्यावर जाऊन बसतात. लाकडी फळी स्वस्त पडते पण लघवी पिते, दोन ठेवा आणि आलटून पालटून उन्हात वाळवा. ज्या मादीचे पाय वारंवार फुटतात तिची पिल्लं पुढच्या पैदाशीला ठेवू नका, पायाच्या केसांची दाटी आईबापाकडून येते.

घातलेलं सगळं तो उकरून एका बाजूला लोटतो, मग टाच परत जमिनीवर!

उकरणं हा त्याचा स्वभाव आहे, ओरडून थांबणार नाही. त्याला उकरायला वेगळा खोका द्या, पुठ्ठ्याचा, आत फाडलेले कागद आणि गवत. अंथरुणाखाली कडेपर्यंत बसणारी सतरंजी घाला म्हणजे गवत लोटलं तरी खाली काहीतरी मऊ उरतंच. पिंजऱ्याच्या कडा सहा-आठ इंच उंच असतील तर गवत बाहेर सांडत नाही. आणि जागा वाढवा. ब्रिटनमधली सशांसाठी काम करणारी संस्था जोडीला तीन मीटर बाय दोन मीटर जागा सांगते, आपल्या वन-बीएचकेमध्ये ते अवघड आहे कबूल, पण पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडं ठेवून बाल्कनीच्या आतली बाजू किंवा हॉलचा एक कोपरा कुंपण घालून त्याला देता येतो. जागा मिळाली की उकरणंही बरंच कमी होतं.